तोंडावरची पट्टी

सुरतेत प्लेग उसळला तसं मेडिकल कॉलेजनं विद्यार्थ्यांना बजावलं: खेड्यात तपासणीला गेल्यावर तोंडावरची पट्टी काढायची नाही, कुणाकडचं पाणी प्यायचं नाही. पारोळ्याजवळच्या बौद्धवाड्यात सुरतेहून परतलेल्या भिकाला तपासून दिनकर ओट्यावर आला. भिका खोकताना रक्त टाकत होता. लक्षणं प्लेगचीच होती. भिकाच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. दिनकरनं नुसती नकारार्थी मान हलवली. तसा भिकाचा भाऊ पिसाळला. "आमनं पानी तुले चालत नही का?" म्हणत त्यानं तांब्या हिसकावून दिनकरच्या कपाळात हाणला. दुसऱ्या घावाला भुवई फुटली, तिसऱ्याला दिनकर ओट्याखाली कोसळला. हाच प्रश्न दिनकरच्या बापानं, असल्याच बौद्धवाड्यातल्या स्वतःच्या घरात, पाणी नाकारणाऱ्या मास्तरांना विचारला होता. आत भिका खोकत होता. दिनकरनं रक्तानं भिजलेली पट्टी ओढून काढली आणि चेपलेला तांब्या म्हातारीपुढे धरला. "भर, माय."