पेन्सिलीची ओळ

पायलच्या वहीचा फोटो उघडला अन् सुरेखाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. गणित बराबर होतं. पण त्याखाली पेन्सिलीनं एक वाकडीतिकडी ओळ होती.

‘सोमवारी लगीन हाय. थांबवा.’

दुसऱ्यांदा वाचेपर्यंत फोटो डिलीट झाला.

शहरातल्या मस्तगड भागातल्या आपल्या खोलीतून सुरेखा दहावीचा ऑनलाइन क्लास घ्यायची. महागडा टॅब कुणाकडंच नव्हता. दोन डब्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, खाली वही. तिचा लिहिता हात पोरांना दिसायचा, अन् पोरंही तसाच फोन मांडून वहीचे फोटो धाडायची. पायल पिंपळगाव रेणुकाईजवळच्या वस्तीवरची. हजेरीला कॅमेरा सुरू केला की शेजारी तिची आई, सोनूबाई, खेटून बसलेली दिसायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई रोज तासभर तिथं काय करते? पहारा, दुसरं काय, असं सुरेखाला वाटे.

आज शनिवार होता. तिनं फोन लावला. सोनूबाईनंच उचलला.

“पायलला द्या जरा.”

“तिचा क्लास बंद झाला. फिरून फोन लावू नका.”

मागं पुरुषाचा आवाज आला अन् फोन कटला.

पंधरा वर्षांची पोर. भीतीनं हात किती कापला असेल, तिचं अक्षरसुद्धा ओळखू येत नव्हतं.

“पुरावा काय?” चौकीत पोलिसांनी विचारलं.

“फोटो डिलीट झाला. पण ती ओळ मी डोळ्यांनी वाचलीय, साहेब.”

रविवारभर तिनं पोलिसांचा अन् ग्रामसेवकाचा पिच्छा सोडला नाही. सोमवारी सकाळी दोघंही तिच्याबरोबर निघाले.

वस्तीवर मांडव घातला होता. पायल हळदीनं पिवळी झालेली. तिचा बाप भुजंग अंगावर धावून आला.

“कुणी सांगितलं तुमाला? घरातलंच कुणी फितूर झालं का?”

“आधी पोरीचा जन्माचा दाखला दाखवा,” सुरेखानं विषय बदलला. पोरीचं नाव निघालं असतं तर तिची खैर नव्हती. सोनूबाई चुलीपाशी खाली मान घालून उभी होती. हिला आई तरी कसं म्हणावं, सुरेखाच्या मनात आलं.

जन्माचा दाखला निघाला. नवरदेवाची गाडी वाटेतूनच माघारी गेली. पोरीला अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र आई-बापांनी द्यायचं ठरलं. भुजंगनं दात खात सही केली.

सुरेखानं पायलला बाजूला घेतलं.

“मोठी हिंमत केलीस, पोरी. ती ओळ लिहिली नसतीस तर...”

“कोणती ओळ, मॅडम? मला तर आज हळद लावतानाच कळलं. मामाच्या पोरीचं लगीन हाय म्हणून सांगितल्तं सगळ्यांनी.”

सुरेखानं वळून पाहिलं. महिला पोलिसानं शाईचा पॅड उघडून हमीपत्र सोनूबाईपुढं ठेवलं होतं.

“अंगठा लावा, बाई.”

सोनूबाईनं भुजंगकडं एकदा नीट पाहिलं. मंग पॅड बाजूला सारला.

“पेन द्या,” ती म्हणाली.