काळा इन्सर्ट

या, असे पुढे सरकून बसा. बाई कीर्तनाला उभ्या राहायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात एक गोष्ट ऐका. देवळातली नाही, वालीवच्या गॅरेजातली. पण देव तिथेही होता, असं माझं मन सांगतं.

गाडी खड्ड्यावर उभी होती. मेकॅनिक आलोशियस खाली खड्ड्यात, गाडीचा मालक सुजय बॉनेटपाशी, आणि सुजयचे वडील प्रल्हादराव पुढच्या सीटवर. मागच्या सीटवर गवसणीतला पखवाज. संध्याकाळी निर्मळला कृष्णाबाईंचं कीर्तन होतं आणि साथीला प्रल्हादराव. जाता जाता जरा गॅरेजात डोकावू, असं सुजय म्हणाला होता.

सुजयला रविवारी शर्यतीत उतरायचं होतं. जोरात ॲक्सिलरेटर दिला की इंजिन जागच्या जागी मागे झुकायचं आणि गिअर चुकायचा. म्हणून त्याने तीन इन्सर्ट मागवले होते, काळा, लाल आणि पिवळा. इंजिनाला धरून ठेवणारा जो माउंट असतो, त्याच्या पोकळीत हा कडक तुकडा ठोकून बसवायचा, की इंजिन हलत नाही.

"पण ते हलायचं थांबलं की त्याची थरथर बसणाऱ्याच्या अंगात येते," आलोशियस म्हणाला. "काळा सगळ्यात कडक, पिवळा मऊ. किती झेपतंय ते बघायचं."

बघायची त्याची एक रीत होती. स्टीलचा पेला पाण्याने भरून तो सीटवरच्या माणसाच्या हातात द्यायचा. "डॅशबोर्डवर ठेवला तर डॅशबोर्डचं कळतं. माणसाच्या हाडांत काय पोचतं ते हातातल्या पेल्यात दिसतं. काका, कोपर टेकवू नका हां."

प्रल्हादरावांनी पेला डाव्या हातात घेतला.

"उजव्यात घ्या ना अण्णा," सुजय म्हणाला. "गिअर त्या बाजूला आहे."

तो उजवा हात त्यांनी कित्येक महिने घरात कोणाला नीट दिसू दिला नव्हता. जेवायला ते सगळ्यांच्या मागून बसत. चहा बशीत ओतणं सोडलं होतं. वाजवताना हात ऐकायचा. दोन थापांमधल्या रिकाम्या जागेत मात्र ऐकत नव्हता. दिवाळीत ते स्कूटरवरून घसरले, त्याच दिवशी सुजयने किल्ली काढून घेतली होती. हे कळलं असतं तर पखवाजही गेला असता. पण नाही कसं म्हणणार, त्यांनी पेला उजव्या हातात घेतला.

काळा बसला. इंजिन सुरू झालं. आरसा, काचा, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती, सगळं थरथरू लागलं. पेल्यातलं पाणी धोतरावर सांडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा प्रल्हादरावांचा हात चारचौघांत मोकळा होता.

"छान आहे," ते म्हणाले. "हाच ठेव."

"छान? अण्णा, दात वाजतायत तुमचे!" सुजय हसला. "आलोशियस, लाल टाक. अण्णांना रोज बसायचंय गाडीत."

"अरे, हाच बरा आहे म्हणतो ना मी!"

"काका, शर्यतीत तुम्हीच उतरा," खड्ड्यातून आवाज आला.

लाल बसला. आरसा जवळजवळ थांबला. पाणी थांबलं नाही. प्रल्हादरावांनी हळूच डावा हात पेल्याखाली लावला.

"दोन हात नको काका, मग काही कळत नाही. थांबा, पिवळा बघू."

पिवळा बसेपर्यंत प्रल्हादराव समोरच्या गणपतीकडे बघत राहिले. त्यांनी काय मागितलं ते मी सांगत नाही. तुम्हाला कळलंच असेल.

इंजिन सुरू झालं. गणपती जागचा हलला नाही. आरशात मागचा पखवाज स्पष्ट दिसत होता, गवसणीची नाडीसुद्धा. आणि पेल्यातलं पाणी काठाला लागत होतं.

"पिवळ्यावर पण एवढं?" सुजय ड्रायव्हरच्या खिडकीतून आत वाकला. "माउंटच गेलाय की काय?"

आलोशियस हात पुसत वर आला. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग प्रल्हादरावांच्या चेहऱ्याकडे.

"एसीमुळे असेल," तो घाईने म्हणाला. "सोड ना आता. काकांना उशीर होतोय."

"थांब रे, बघू तर." सुजयने हात घालून किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं. गॅरेजातला पंखा ऐकू येऊ लागला.

पाणी हलत होतं.

सुजय पेल्याकडे बघत राहिला. प्रल्हादराव समोर बघत राहिले. मग सुजयने किल्ली पुन्हा फिरवली. इंजिन गुरगुरलं.

"आलोशियस," तो म्हणाला, "काळा बसव."

"अरे, काकांना त्रास..."

"अण्णांना तोच बरा वाटला होता."

आलोशियस खड्ड्यात उतरला.

निर्मळच्या केळीच्या वाड्या लागल्या तेव्हा अख्खी गाडी थरथरत होती. स्टिअरिंगवरचे सुजयचे हातसुद्धा.

"सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ, अण्णा," तो समोर बघतच म्हणाला.

"आणि आज?"

"आज कीर्तन आहे."

बघा, बाई उभ्या राहिल्या, मी गप्प बसतो. एवढंच करा. पुढे कुठल्याही देवळात पखवाजावर एखादी थाप किंचित मागून आली, तर मान वर करून बघू नका. डोळे मिटा, आणि आमच्या प्रल्हादरावांची आठवण काढा.