डिलीटला मराठी शब्द

धाकट्या दिराचे दोन्ही हात टेबलावर होते आणि ती त्या हातांवरून नजर काढत नव्हती. त्याचा फोन विभागप्रमुख मॅडमच्या ड्रॉवरमध्ये होता, लॅपटॉप केबिनबाहेर. ही अट तिचीच. या माणसाचा काही भरवसा नाही, असं तिने मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या या कंपनीत तिनेच त्याला चिकटवलं होतं. तो प्रोग्राम लिहायचा, ते कसे वापरायचे याची माहिती ती लिहायची. लिफ्टच्या दारांचा प्रोग्राम त्याचा. आणि गेला महिनाभर नेमक्या दारांच्याच तक्रारी कंप्युटरवरून गायब होत होत्या. दार अर्धंच उघडतं, ही गेली. दार मध्येच अडतं, तीही गेली. प्रत्येक वेळी काढून टाकणाऱ्याचं नाव एकच दिसायचं. त्याचं.

"अगं वहिनी, माझं नाव दिसणारच," तो म्हणाला होता. "दारांच्या तक्रारी बघायला एआय मदतनीस बसवलाय ना, त्याला मी माझाच पासवर्ड दिलाय. तो जे करेल ते माझ्या खात्यावर."

म्हणजे चोर कोण, तर मशीन! तिचा काडीचाही विश्वास बसला नाही. मदतनीस काय करतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक तक्रार आणि तिच्याखालचा प्रत्येक नवा शेरा वाचायचा, आणि पुढचं काम करायचं. कोणतं टूल कधी वापरायचं, हे तर तिनेच त्याला लिहून दिलं होतं. तिने लिहिलेलं वाचूनच तो चालायचा, एका अक्षराने इकडेतिकडे नाही.

त्यातलं एक टूल चाचणीसाठी टाकलेल्या खोट्या तक्रारी काढून टाकायचं होतं. ती त्याची माहिती लिहीत असताना दीर खुर्चीमागे उभा राहून कुरकुरला होता.

"डिलीटच राहू दे ना. सगळ्यांना कळतं."

"आपल्याकडे इतका चांगला शब्द असताना, भाऊजी?" ती म्हणाली होती, आणि तिने लिहिलं होतं, 'तक्रार मिटवायची असेल तेव्हा हे टूल वापरावे.' छान, सुटसुटीत वाक्य. तिला स्वतःलाच आवडलं होतं. आता मात्र दिराच्या त्या कुरकुरीतही तिला काहीतरी काळंबेरं दिसत होतं. तेव्हापासूनच याचा डोळा त्या टूलवर असणार!

काल तर कहर झाला. एका दवाखान्याच्या मॅनेजरचा फोन तिने घेतला. तो तापलेला होता.

"अहो, पेशंट अडकतात लिफ्टमध्ये! परवा वैतागून लिहिलं, एकदाचं हे मिटवा. तर लगेच तुमचा मेसेज, तक्रार मिटवली म्हणून! दार अजून तसंच. थट्टा लावलीय का?"

स्वतःची चूक झाकायला हा माणूस लोकांना खोटे मेसेजसुद्धा पाठवतो? उद्या कुणाचा जीव गेला म्हणजे? ती तडक मॅडमकडे गेली.

आणि आता ही तिघं इथे बसली होती. मॅडमच्या लॅपटॉपवर तिने स्वतःच्या नावाने तक्रार लिहिली. 'माझ्या दिराने दारांच्या तक्रारी काढून टाकल्या आहेत. चौकशी व्हावी.'

"हे वर पोचलं की यांची नोकरी गेली," मॅडम म्हणाल्या. "विचार केलात ना?"

"केलाय."

केला कसला, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरी पोरं काका आल्याशिवाय ताटावर बसत नाहीत. सासूबाई तर तिचं तोंडही बघणार नाहीत. पण दवाखान्यातली ती लिफ्ट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"वहिनी, शप्पथ," दीर म्हणाला. "मी एकाही तक्रारीला हात लावलेला नाही."

तिने वर पाहिलं नाही. हातांकडेच पाहत राहिली. नखं कुरतडून कुरतडून लाल झाली होती. अपराध्याचीच असतात अशी, तिला वाटलं.

मॅडमनी उसासा टाकला, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि तक्रारीखाली शेरा लिहिला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचूनही दाखवला. "घरचा मामला आहे. वर न पाठवता इथेच मिटवा."

त्यांनी बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग स्क्रीन हलली आणि तक्रार नाहीशी झाली. तिच्या जागी एक बारीक ओळ उरली. काढून टाकली. पुढे दिराचं नाव.

दिराचे हात टेबलावर होते. दहाही बोटं जिथल्या तिथे.

तिच्या पर्समधला फोन वाजला. तिने मेसेज उघडला. 'आपली तक्रार मिटवली आहे. धन्यवाद.'

"अहो, हे काय?" मॅडम स्क्रीनकडे बघत राहिल्या. "मी मिटवा म्हटलं. पुसून टाका कुठे म्हटलं?"

तिने मेसेज पुन्हा वाचला, मग त्यातला तिनेच निवडलेला तो एक शब्द पुन्हा वाचला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तिने टेबलावर उलटा ठेवला, पण दिराने मेसेज आधीच वाचला होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "आता हात काढू का?"