चौथं प्रकरण

महादूकाकानं पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही. अहवाल पालथा करून त्यानं टेबलावर ठेवला.

“चौथं प्रकरण काढ,” तो म्हणाला. “मंग करतो सही.”

मेघाली बसली नाही. मानकोलीच्या एका गोदामात ती मेंटेनन्स इंजिनिअर होती आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी ठाण्याच्या कॉलेजात मेकॅनिकलचं एम.टेक. करत होती. प्रकल्पासाठी तिनं सख्ख्या काकाचाच लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना निवडला होता. पाच महिने सुट्टीचा एकेक दिवस तिनं इथं घालवला. पहिल्या मजल्यावरच्या चोवीस लूमच्या पायांना आणि त्या मजल्याखालच्या तुळयांना सेन्सर चिकटवून थरथर मोजली. चौथ्या प्रकरणात ते आकडे होते. सगळे लूम एकदम चालू असले की स्लॅब सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून जास्त हलत होता.

मालकाच्या सहीचं पत्र जोडल्याशिवाय कॉलेज अहवाल घेत नव्हतं. उद्या शेवटची तारीख होती.

“त्यात खोटं काय हाय, काका?”

“खोटं हाय असं मी कुठं म्हणतो? पण छापील कागद हाय तो. उद्या कोणी पालिकेत नेऊन दिला तर माझा वरचा मजला बंद करतील.”

“करायलाच पाहिजे. निदान मधले आठ लूम तरी खाली उतरव. बाकीच्यांच्या पायांखाली रबराचे पॅड टाक. कसे टाकायचे ते पुढच्या प्रकरणात दिलंय.”

“सात वर्षं चालतंय. काय झालं?”

“अजून न्हाय झालं.”

काका हसला. “तुझा बाप मलाच विचारायला आलेला, पोरीला मशीनच्या लाईनला घालू का म्हणून. मीच बोललो, घाल. आता मलाच शिकवतेस?”

“हो,” मेघाली म्हणाली. “त्यासाठीच शिकले.”

काकाचं हसू गेलं. त्यानं टोपण लावून पेन खिशात टाकलं. “मंग घे कागद आणि जा. वर्ष जाईल तुझं.”

“सहा महिने जातील. दुसरीकडं जाऊन पुन्हा मोजीन. पण हे आकडे काढणार न्हाय.”

अहवाल उचलून ती जिन्यानं खाली आली.

तळमजल्यावरच्या खोलीत नऊ बायका कांड्या भरत होत्या. वरच्या लूमच्या धोट्यात घालायचं सूत या कांड्यांवर गुंडाळलं जायचं. वरून चोवीस लूमचा आवाज कोसळत होता. त्या आवाजात या बायका दिवसभर ओरडूनच बोलत.

सगळ्यांत जुन्या सीताबाई, अकलोलीकडच्या. पाच महिन्यांपूर्वी मेघाली त्यांच्या डोक्यावरच्या तुळईला सेन्सर चिकटवत होती, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, हे काय गं? कॉलेजचं हाय, एवढंच मेघाली बोलली होती. आज ते उत्तर तिला आठवलं आणि लाज वाटली.

ती स्टुलावर चढली. मधल्या तुळईला लांब चीर गेली होती. तिनं खिशातली मापाची पातळ पत्ती काढली आणि चिरेत सरकवली. पत्ती अर्ध्याहून जास्त आत गेली. हात सोडला तरी ती तिथंच राहिली, बारीक थरथरत.

“मावशी, हे बघा. मी आले तेव्हा ही केसाएवढी होती.”

सीताबाई मान वर करून बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचं मशीन बंद केलं.

“तुला कवापासून ठाव हाय?”

“दोन महिने झाले.”

“आन् आज सांगतेस?”

मेघाली स्टुलावरून उतरली. आकडे पक्के व्हायला हवे होते, सरांनी तपासायला हवे होते, काका ऐकेल असं वाटलं होतं. यातलं काहीच तिला बोलावंसं वाटलं नाही.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

सीताबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग रिकाम्या कांड्यांची टोपली कमरेवर घेतली आणि बाहेर अंगणात जाऊन बसल्या. शेजारच्या बाईनं मशीन बंद केलं. तिच्या मागून तिसरीनं. पाचेक मिनिटांत खोली रिकामी झाली.

वर भरलेल्या कांड्यांची एक पाटी होती, तेवढ्यावर लूम चालत राहिले. मग पाटी संपली. एक लूम थांबला. थोड्या वेळानं आणखी दोन. मग एका रांगेतले सगळे. बायका अंगणात बसून ऐकत होत्या आणि आता त्यांना बोलायला ओरडावं लागत नव्हतं.

काका गॅलरीत आला. “कांड्या का थांबल्या?”

सीताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “भरतो ना, शेठ. आमची मशीनं तेवढी बाहेर काढून द्या.”

“बाहेर? का, आत काय झालं?”

काकानं मेघालीकडं बघितलं. अहवाल छातीशी धरून ती सीताबाईंच्या शेजारी उभी होती. तिनं नजर खाली केली नाही.

“उतर खाली,” ती म्हणाली. “आत जाऊन उभा राहा. लूम चालू करायला मी वर जाते.”

शेवटचा लूम थांबला. जिन्यावर काकाच्या चपला वाजल्या. तो अंगण ओलांडून खोलीच्या दारापर्यंत आला आणि चौकटीला हात लावून त्यानं मान वर केली. नऊ बायका त्याच्याकडं बघत होत्या.

वर एकही लूम चालू नव्हता. तरी त्यानं पाऊल आत टाकलं नाही.