हा होमरन धरू नका

"होमरन मारलास तर कुत्रा आणू," असं बाबा ताईला बोलून बसले होते. शेजारचं पिल्लू दिसलं तरी बाबा खुर्चीवर चढतात.

आज सॉफ्टबॉलच्या मॅचमध्ये ताईने मारलेला चेंडू घरंगळत जेमतेम पहिल्या बेसपर्यंत गेला, तरी ताई चारही बेस फिरून होमला पोचली, म्हणजे होमरनच. बाबा घामाघूम होऊन स्कोअररबाईंकडे धावले.

"मॅडम, हा होमरन धरू नका हो! पहिल्या बेसवरच्या पोरीने चेंडू झुडपात फेकला, म्हणून ही पळाली."

"फील्डरची चूक असेल तर नाहीच धरत."

बाबांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात समोरच्या टीममधली ती पोरगी, म्हणजे बाबांचीच धाकटी, फणकाऱ्याने आली.

"चूक कसली, बाबा? ताईने आठवडाभर गच्चीवर माझ्याकडून अस्साच चेंडू फेकायचा सराव करून घेतलाय!"