टेकडीचा रस्ता

रेडिओवरचा माणूस बंद शाळांची नावं वाचत होता आणि लुसील हातात कंगवा धरून तशीच उभी होती. रीटाची एकच वेणी घालून झाली होती.

"मिलब्रूक," तो म्हणाला. "मिलब्रूकची शाळा आज बंद."

"आई, आम्ही पायजमे सरळच घातले होते हं!" डेनिसने आधीच सांगून टाकलं. रात्री पायजमा उलटा घालून झोपलं की बर्फाची सुट्टी पडते, हे अमेरिकेतल्या मेन राज्यात प्रत्येक पोराला ठाऊक असायचं. या हिवाळ्यात लुसीलने त्याबद्दल तंबी दिली होती.

बुधवार. म्हणजे तिचाच वार.

ती आणि शेजारची ब्लांश, दोघी बुटांच्या कारखान्यात शिलाईला होत्या. शाळा बंद झाली तरी कारखाना चालूच असायचा. म्हणून त्यांनी वार वाटून घेतले होते. सोमवारी-बुधवारी सुट्टी पडली तर लुसीलने खाडा करून दोन्ही घरची मुलं सांभाळायची, मंगळवारी-गुरुवारी ब्लांशने. शुक्रवारी ब्लांशची सासू यायची. एवढी वर्षं दोघींचे खाडे सारखेच पडत आले होते.

या वर्षी मात्र बर्फ लुसीलच्याच वारी यायचा. आणि याच वर्षी शिलाई खात्याची म्हातारी मुकादम निवृत्त होणार होती. तिची जागा लुसील नाहीतर ब्लांश, दोघींपैकी एकीला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजर हजेरी बघून ठरवणार होता. लुसीलला ती जागा हवी होती. मशिनीवर वाकून तिची मान धरायची, आणि मुकादमाला उभं राहून काम करता यायचं.

"मुकादम झालीस की मला घरीसुद्धा हजेरी द्यावी लागेल," नवरा हसून म्हणायचा. आर्मंड गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढून वाळू टाकणारा ट्रक चालवायचा. पहाटे तो निघताना लुसील उठून त्याचा थर्मास भरायची. कॉफी ओतताना तो विचारायचा, "आज कोणाचा वार, तुझा की ब्लांशचा?" बाकी कुणी तिची एवढी चौकशी करत नसे. तिच्या खाड्याच्या दिवशी संध्याकाळी घरी आलं की वाटाण्याचं गरम सूप आणि गरम चूल बघून तो खूश व्हायचा.

"शाळेकडचा टेकडीचा रस्ता खरंच एवढा खराब होता का रे?" तिने त्या बुधवारी विचारलं.

"होता," तो सुपात पाव बुडवत म्हणाला.

शेवटी तिने कुंपणापाशी ब्लांशला गाठलं. "माझे वार पनवती आहेत बाई. सोमवारपासून अदलाबदल करू या का?"

"करू या की," ब्लांश म्हणाली. "बर्फाला काय, वार थोडेच कळतात!"

एवढ्या चटकन ती हो म्हणाली, हे लुसीलला खटकलं. रात्री तिने आर्मंडला तसं सांगितलंही.

"म्हणजे आता मंगळवार-गुरुवार तुझे?"

"सोमवारपासून."

"बरं केलंस," तो म्हणाला.

नव्या आठवड्यात सोमवारी शाळा भरली. मंगळवारी भरली. बुधवारी बर्फ भुरभुरला, तरी भरली.

गुरुवारी रेडिओ म्हणाला, "मिलब्रूकची शाळा आज बंद."

लुसील खिडकीपाशी गेली. ओसरीच्या पायरीवर बोटभरसुद्धा बर्फ नव्हता. ब्लांशची नणंद शाळांचे अधीक्षक प्रेंटिस यांच्या घरी स्वयंपाकाला होती. म्हातारे प्रेंटिस पहाटे आपली निळी गाडी काढून स्वतः टेकडीचा रस्ता बघतात आणि शाळा ठेवायची की नाही ते ठरवतात, हे गावात सगळे सांगायचे.

ब्लांश डबा घेऊन पोरांना सोडायला आली, तेव्हा लुसील दारातच उभी होती.

"नणंदेकडून किती दिवस चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"सुट्ट्या! माझ्या वारी बरोब्बर!"

"डोकं फिरलंय का तुझं? माझी नणंद त्यांना अंडी उकडून देते गं, हवामान नाही!" ब्लांशचा चेहरा लालबुंद झाला. "मला ती जागा हवीय, नाही कशाला म्हणू? पण तुझ्या ताटातून ओढून नकोय."

"उद्यापासून तुझी पोरं तू बघ."

"रीटा झाली तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, ते तरी आठव," ब्लांश म्हणाली, आणि मागे न बघता कारखान्याकडे चालू लागली.

लुसीलने चारही मुलांना कोट चढवले आणि ती टेकडी चढायला लागली. प्रेंटिसना तोंडावर विचारायचं, आणि मग मॅनेजरकडे जायचं, असं तिने ठरवलं होतं. डेनिस घसरगाडी ओढत मागून येत होता.

"आई, ही घसरतच नाहीये," तो कुरकुरला. "बाबांनी सगळीकडे वाळू टाकलीय."

खरंच, रस्ता वरपर्यंत कोरडा होता. लुसीलचा पाय एकदाही घसरला नाही. तिचा राग मात्र पावलागणिक चढत गेला.

प्रेंटिस यांनी स्वतःच दार उघडलं. जाड भिंगांतून ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. अंगणातल्या निळ्या गाडीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर साऱ्या हिवाळ्याचा बर्फ.

"साहेब, हा रस्ता शाळा बंद ठेवण्यासारखा आहे का? तुम्हीच सांगा."

"मी काय सांगणार, बाई? मला आता फाटकसुद्धा नीट दिसत नाही. गावात बोलू नका हं." ते ओशाळून हसले. "पहाटे रस्त्यावर फिरून येतो त्यालाच मी ट्रकच्या शेडवर फोन करतो. तो म्हणेल तसं."

"कोणाला?"

"तुमच्या आर्मंडला. फार काळजी घेणारा माणूस. आज म्हणाला, 'टेकडीवर बर्फाची नुसती काच आहे, साहेब. माझ्या बायकोलासुद्धा मी आज घरीच ठेवतोय.'"