गिरवलेला नऊ

शिक्षण कार्यालयातल्या रांगेत केसरबाईंच्या पुढे आता फक्त सदा गुरुजी उरले होते.

बाईंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. आत प्लास्टिकच्या पाकिटात सव्वीस वर्षांपूर्वीचा नेमणुकीचा आदेश होता. शिक्षक नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर मूळ आदेश दाखवायचा. आज, नऊ तारखेला पाचपर्यंत पडताळणी झाली नाही तर पुढच्या महिन्यापासून पगार बंद. घरची होडी दोन वर्षं किनाऱ्यावर उलटी पडली होती. घरात येणारा पगार तेवढा एकच.

"बाई, साहेबांसाठी सुके बोंबील आणलेत वाटतं," सदा गुरुजी मागे वळून हळूच म्हणाले. "पिशवीला वास येतोय."

वास कागदाला होता. वादळात पेटीत पाणी शिरलं तेव्हा सासूबाईंनी तो भिजलेला आदेश बोंबलांच्या शेजारी दोरीवर चिमटा लावून वाळवला होता. टाइप केलेली अक्षरं टिकली. शाईनं लिहिलेला जावक क्रमांक मात्र विरघळला. तिसऱ्या आकड्याचं नुसतं एक वेटोळं आणि ओघळ उरला, बाकीचे तीन भुरकट राहिले. काल शाळा सुटल्यावर केसरबाईंनी निळं पेन घेतलं आणि पहिलीच्या मुलांच्या वहीतलं पुसट अक्षर गिरवावं तसा तो क्रमांक गिरवून टाकला. हात सवयीनं चालला. तेव्हा भीती वाटली नव्हती.

"गुरुजी, तुमचा क्रमांक दिसतच नाही," टेबलामागून आवाज आला.

"वाळवी लागली हो. आता काय करू?"

"काही नाही. नाव आहे ना? आमची जावक वही आहे." जाड वही उघडली गेली, एक बोट खाली सरकत गेलं, शिक्का बसला.

केसरबाईंचा हात पिशवीतल्या पाकिटावर गेला. पुसट चालत होतं.

परत फिरावं असं वाटलं. पण घड्याळात साडेचार झाले होते, आणि दुसरा कागद नव्हता.

"या, बाई. बसा." टेबलामागचा अरमान उठून उभा राहिला. पहिलीला तो त्यांच्याच वर्गात होता.

त्यानं आदेश खिडकीकडे धरला. मग उलटा करून मागून अंगठा फिरवला. पेनाचा दाब कागदाच्या पाठीवर उमटला होता. त्यानं वहीत नाव शोधलं. बोट थांबलं.

"इथे चोवीसशे सतरा आहे. तुमच्याकडे चोवीसशे सत्त्याण्णव."

"तोच हाय रे," त्या म्हणाल्या, आणि लगेच सावरल्या. "तोच आहे, साहेब. पाण्यानं गेला होता. मी नुसता गिरवला."

"मला साहेब नका म्हणू." त्यानं आवाज खाली आणला. "बाई, कोरा आणला असतात तरी मी वहीवरून लावून घेतला असता. आता हा फेरफार होतो."

"तू सांग ना वरच्या साहेबांना. तुला माहीत आहे मला."

"माहीत आहे. म्हणून तर कुणी लिहिला ते विचारलं नाही. असा नऊ दुसरं कोण काढतं? पोट गोल, शेपटी सरळ खाली. मला तीन दिवस तो गिरवत बसवलं होतंत."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. अरमाननं वरच्या साहेबांच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. मग अर्ज पुढे ओढला. केसरबाईंना उलटं वाचता येत होतं. सव्वीस वर्षं त्या बाकांसमोर उभं राहून वह्या तशाच वाचत आल्या होत्या.

'मूळ आदेशात फेरफार. सुनावणीपर्यंत वेतन रोखावे.'

अक्षर वळणदार होतं. त्याखाली त्यानं सही केली आणि तारीख घातली. पोट गोल, शेपटी सरळ खाली.